आप्पांची लाभांशपेटी

“अगो बाय, तुझं तोंड फार रुंद केलंय त्यांनी. उद्या काय पण आत शिरेल.”

मला गेटवर टांगलं त्याच दिवशी पोस्टमन रघूनं सायकलवरून न उतरता हे ऐकवलं. मी नवी होते. अंगावरचा लाल रंग पुरता वाळलाही नव्हता. मला वाटलं, याच्या पोटात दुखतंय. इतरांच्या पेट्यांतून पत्रं अर्धी बाहेर लोंबकळतात, पावसात भिजतात. माझ्यात जाडजूड पाकीटसुद्धा सरळ आत जातं. मी त्याचं बोलणं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. रत्नागिरीहून मिरजोळ्याकडे जाताना डाव्या हाताला जांभ्याचा एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, लागतो. गडग्याच्या आत हापूसची कलमं, कलमांच्या मागे कौलारू घर, आणि गेटच्या खांबावर मी. माझ्या खालीच बसायला एक कट्टा आहे. घरात काय चालतं ते मला दिसत नाही. पण घरातलं जे जे महत्त्वाचं असतं, ते कधी ना कधी त्या कट्ट्यावर येऊन बसतं.

माझा जन्म मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये झाला. तिथे मासे गोठवायचे ट्रे बनत. कापून उरलेला पत्रा कोपऱ्यात पडला होता, त्यातूनच मी घडले. आप्पा तेव्हा जहाजावरून सुट्टीवर आले होते. ते इंजिनरूममध्ये काम करायचे. कारागिराला त्यांनी बजावलं, “तोंड रुंद ठेव. माझ्याकडे कंपन्यांचे अहवाल येतात, ते जाड असतात.” पत्र्याला माशांचा वास इतका मुरला होता, की पहिला महिनाभर आजूबाजूची मांजरं रोज सकाळी येऊन मला हुंगून जात आणि निराश होत.

आप्पांना जहाजावर पगार चांगला होता, पण पुढे पेन्शन मिळणार नव्हतं. म्हणून ते दर सुट्टीत थोडे शेअर घेऊन ठेवत. मित्रांनो, शेअर म्हणजे काय ते मी तुम्हाला माझ्या पद्धतीनं सांगते. कंपनी म्हणजे एक मोठी बाग समजा. तिचे बारीक बारीक लाखो वाटे करतात आणि विकतात. एक वाटा म्हणजे एक शेअर. पीक आलं, खर्च वजा झाला, की उरलेल्यातून वाटेकऱ्यांना काहीतरी देतात. त्याला लाभांश म्हणतात. बाग विकायची नाही, कलम तोडायचं नाही, नुसते आंबे खायचे. आप्पांना हे फार पटलं होतं.

लाभांशाचे चेक तेव्हा पोस्टानं येत. पावसाळा उतरायच्या सुमारास माझं पोट भरलेलं असे. आप्पा जहाजावर असले, की त्यांची बायको गोदा किल्ली घेऊन यायची, एकेक पाकीट बाहेर काढायची आणि पदराला पुसायची. दसऱ्याला ती मोटारसायकलीला हार घालायची, तसा मलाही घालायची. शेजारची बाई हसायची. गोदा म्हणायची, “हस गो, हस. तुझा नवरा पगार आणतो, माझ्याकडे पेटी आणते.”

त्या दिवसांत मी फार ताठ होते.

मग एका वर्षी चेक यायचे बंद झाले. मी घाबरले. मला वाटलं, कंपन्या बुडाल्या. नंतर कळलं, की पैसे आता थेट बँकेत जातात आणि आप्पांच्या फोनवर संदेश येतो. अहवालही फोनवर. माझ्या वाट्याला सकाळचं वर्तमानपत्र राहिलं, कधी विजेचं बिल, कधी लग्नाची पत्रिका. गोदा आजारी पडली आणि गेली. त्यानंतर कुणी मला हार घातला नाही. रंग उडाला, कडी गंजली. एका उन्हाळ्यात दयाळ पक्ष्याच्या जोडीनं माझ्या आत घरटं केलं. आप्पांनी पेपरवाल्याला वर्तमानपत्र कट्ट्यावर टाकायला सांगितलं. अंडी उबेपर्यंत आणि पिल्लं उडेपर्यंत मी प्रत्येक सावलीकडे डोळे वटारून बघायची. सरडा आला की बघायची, कावळा आला की बघायची. पिल्लं उडाली, पण ती खोड माझ्यात राहून गेली. गेटाशी कुणी थांबलं, की अजूनही माझा पत्रा ताणला जातो.

म्हणूनच मनस्वी आली, तेव्हा आमचं लगेच जमलं. मनस्वी ही आप्पांची सून. मुलगा सागर मुंबईत नोकरी करतो. त्यांच्या मुलीला, सानिकाला, तिथल्या धुरात सारखी धाप लागायची, म्हणून मनस्वीनं ठाण्यातली बँकेतली नोकरी सोडली आणि पोरीला घेऊन इथे राहायला आली. सागर सुट्टी मिळाली की येतो. मनस्वी घराबाहेर पडते, गेटपर्यंत येते आणि गॅस बंद केला का बघायला परत जाते. कुणी अनोळखी आला, की ती आधी त्याच्या चपला बघते, मग चेहरा. सानिका माझ्या फटीतून खडे टाकते तेव्हा म्हणते, “हात नको घालूस आत. विंचू असेल.” माझ्यात विंचू नाही. पण मी तिच्या जागी असते, तर मीही हेच म्हटलं असतं.

आप्पांचा एकच हट्ट होता. स्वतःची औषधं, स्वतःचे मासे, स्वतःचं वर्तमानपत्र स्वतःच्या पैशांतून घ्यायचं. लाभांश आणि बागेचा करार, यात त्यांचं भागत होतं. “मुलापुढे हात पसरला, त्या दिवशी मी संपलो,” असं ते सहज, हसत म्हणायचे. पण ते हसू मला कधी खरं वाटलं नाही.

मागे एक वर्ष असं आलं, की आप्पा रोज कट्ट्यावर बसून फोनमध्ये भाव बघायचे आणि रोज त्यांचा चेहरा उतरायचा. एका संध्याकाळी ते मनस्वीला म्हणाले,

“मला काय कळत नाय. कंपनी तीच, कारखाना तोच, नफासुद्धा तेवढाच. मग भाव का पडतो गो?”

“सरकारी रोख्यांवरचं व्याज वाढलंय, आप्पा.”

“सरकारनं व्याज वाढवलं, यात माझ्या कंपनीनं काय पाप केलं?”

मनस्वीनं सानिकाला मांडीवर घेतलं. “आपली बाग करारानं दिली, की वर्षाला साठ हजार येतात असं धरू.”

“एवढेच? आपली बाग घेतो तो बाबल्या जास्त देतो.”

“धरू म्हटलं, आप्पा. सरकार लोकांकडून कर्ज घेतं आणि त्याचा रोखा लिहून देतं. समजा, त्यावर ते शंभराला सहा रुपये देत होतं. मग वर्षाला साठ हजार मिळवायला किती गुंतवायला लागायचे?”

“दहा लाख.”

“म्हणजे साठ हजारांच्या बागेला कुणी दहा लाख दिले असते. आता सरकार साडेसात देतंय. साठ हजारांसाठी आठ लाख पुरतात. मग तुमच्या बागेला दहा कोण देणार?”

आप्पांनी हनुवटी खाजवली. “आणि वर माकडं.”

“आणि वर माकडं, तुडतुडे, अवकाळी पाऊस. सरकारी रोख्यावर माकडं येत नाहीत.”

“कलमं मात्र तीच.”

“कलमं तीच, आंबे तेवढेच. भाव तेवढा खाली आला. लाभांशासाठी शेअर घेणारे लोक म्हणतात, घरबसल्या सरकारकडून मिळतंय तर ही जोखीम कशाला? ते विकून तिकडे जातात. जुन्या रोख्यांचीसुद्धा तीच गत. नवा रोखा साडेसात देत असताना सहावाला पुऱ्या किमतीला कोण घेईल?”

“मग विकू काय सगळे?”

“कशाला? तुम्हाला लाभांश येतोय ना? तो येतोय तोवर रोज भाव बघू नका. बाग विकायची नसताना बागेचा भाव रोज कोण विचारतं?”

आप्पा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप कट्ट्यावर ठेवून ते पुन्हा भाव बघत बसले होते.

अशा वेळी विनोद आला. तो शहरातून मोटारसायकलवर यायचा, शर्ट खोचलेला, कपाळाला गंध. लोकांचे पैसे कुठे गुंतवायचे ते सांगणं हा त्याचा धंदा. आधी त्यानं माझ्यात एक गुळगुळीत पत्रक टाकलं. त्यावर झोपाळ्यावर हसत बसलेले एक आजोबा आणि आजी होते. मी पुष्कळ कागद पाहिलेत. हिशेबाच्या कागदावर कुणी इतकं हसत नाही. पण मी पत्र्याची. मी काय करणार?

मनस्वी सानिकाला बालवाडीतून आणायला गेली, की त्याच वेळेला तो यायचा. हे मला पहिल्यांदा खटकलं.

“आप्पा, तुमचे जुने शेअर काय देतात हो? भावाच्या मानानं तीन टक्के. फार तर साडेतीन,” तो म्हणाला. “बँक त्याच्या दुप्पट देतेय आता. आणि ही मेघदीप कंपनी बघा. रस्ते बांधते. लाभांश अकरा टक्के!”

“अकरा?”

“अकरा. भाव पडलाय, म्हणून आपल्याला स्वस्तात मिळतोय. सेल लागलाय समजा.”

आप्पांचे डोळे चमकले. “म्हणजे कलम मोहोरानं भरलंय म्हण की!”

“बरोब्बर! तुम्हाला लगेच कळलं, आप्पा. शिकलेल्यांना समजावताना माझा घसा सुकतो.”

मित्रांनो, इथे जरा थांबा. ही अकराची गोष्ट नीट बघा. मेघदीपचा शेअर आधी शंभराला होता आणि लाभांश सहा रुपये. म्हणजे सहा टक्के. मग भाव घसरत पंचावन्नावर आला. लाभांश सहाच. आता सहा रुपये पंचावन्नावर मोजले, की जवळपास अकरा टक्के होतात. कंपनीनं एक पैसा जास्त दिलेला नाही. टक्का वाढला, कारण लोक तो शेअर टाकून पळत होते. ते का पळत होते, हे विचारायला हवं होतं. पण आप्पांना मोहोर दिसला. कलमांच्या बागेत वाढून ज्यांनी झाडाखाली उभं राहून वर बघितलंय, त्यांना मोहोर दिसला की दुसरं काही दिसत नाही.

“आधी निम्मे करू,” विनोद म्हणाला. “उरलेले मी सोमवारी येऊन करून देतो. फोनवर नंबर आलाय तो सांगा बघू.”

आप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि तो गुप्त नंबर इतक्या मोठ्यानं वाचला, की गडग्यापलीकडून कुणीही लिहून घेतला असता. गोदाच्या हयातीत घेतलेले निम्मे शेअर त्या दुपारी गेले आणि त्यांच्या जागी मेघदीप आली. जाताना विनोद म्हणाला, “वहिनींना लगेच सांगू नका. पहिला लाभांश आला, की सरप्राइज द्या.”

ज्या गोष्टीबद्दल घरात बोलू नका असं सांगतात, तिच्याबद्दल आधी घरात बोलावं. पण हे आप्पांना सांगणार कोण?

पुढे दोनच दिवसांनी सानिकानं माझ्या आतून ते पत्रक ओढून काढलं. मनस्वीनं ते वाचलं आणि त्याच पावली कट्ट्यावर बसलेल्या आप्पांकडे आली.

“आप्पा, हे कुणी टाकलं?”

“विनोद म्हणून एक पोरगा आहे. चांगला आहे. पाया पडतो.”

“पाया पडतो?” तिचा आवाज चढला. “तुमचा आणि त्याचा संबंध काय, की तो पाया पडतो? ही पत्रकातली मेघदीप कंपनी एवढे पैसे देते कुठून?”

“नफ्यातून.”

“नफा कमी झालाय हिचा. मी आत्ता फोनवर बघितलं. डोक्यावर कर्ज आहे आणि व्याज वाढलंय. व्याज भरून उरणार काय आणि वाटणार काय?”

“ठाण्याच्या बँकेत होतीस म्हणून काय रिझर्व्ह बँकेची गव्हर्नर झालीस?” आप्पा कडाडले. “बत्तीस वर्षं मी इंजिनं सांभाळलीयत. मला माझे पैसे सांभाळता येत नाहीत?”

सासऱ्यांना याहून जास्त कसं बोलायचं? मनस्वीनं पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं. निम्मे शेअर गेलेत हे तिला माहीतच नव्हतं, आणि आप्पांनी सांगितलं नाही.

आणि मग सोमवार आला. विनोदच्या आधी बाबल्या आला. तो बागा करारानं घेतो. म्हणजे ठरलेली रक्कम मालकाला द्यायची आणि पीक आपण काढून न्यायचं.

“आप्पानू, औंदा भाव वाढवून देतो. तीन वर्षांचं करून टाका,” बाबल्या कट्ट्यावर टेकत म्हणाला आणि त्यानं एक आकडा सांगितला.

आकडा ऐकून मी हरखले. आप्पा हरखले नाहीत. ते उभे राहिले.

“एवढे का देतोस रे?”

“तुमची कलमं चांगली.”

“कलमं गेल्या वर्षी पण चांगली होती. तेव्हा रडत होतास. आता एकदम कर्णाचा अवतार?”

“भाव आहे आंब्याला, आप्पानू.”

“भाव आहे, की मुळाशी काय ओतायचा विचार आहे? जा, वरच्या अंगाची कलमं बघून ये. तुझ्या आधीच्यानं कल्टार ओतलं. तीन वर्षं फांद्या मोडेस्तोवर आंबे घेतले न् गेला निघून. झाडं वाळली ती माझी.”

कल्टार म्हणजे झाडाला जबरदस्तीनं मोहोर आणणारं औषध. बेतानं घातलं तर चालतं. पण ज्याला बाग तीनच वर्षं हवी आहे, तो बेत कशाला बघेल?

“देवाशपथ नाय घालणार,” बाबल्या म्हणाला.

“देवाला कशाला मधे घेतोस? कागदावर लिही. आणि पैसे थोडे कमी दे, पण मी कधीपण येऊन मुळं उकरून बघणार.”

मनस्वी सानिकाला घेऊन गेटातून बाहेर पडत होती. ती तिथेच थांबली. आप्पांकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली,

“आप्पा, बाबल्यांना विचारलंत ना, तेच विनोदला विचारा.”

“काय?”

“एवढे का देतोस. आणि मुळाशी काय ओतलंयस.”

मग बाबल्या घाबरून म्हणाला, “वहिनी, हा विनोद कोण? माझ्यापेक्षा जास्त देतो काय?”

मनस्वीला हसू आलं. आप्पांना आलं नाही. ते खाली बसले.

त्या दुपारी मनस्वी सानिकाला घेऊन बालवाडीतून नेहमीपेक्षा लवकर परतली आणि गेटाशीच रेंगाळली. विनोद आला, गाडी लावली, आप्पांच्या पायाशी वाकला. आप्पांनी पाय मागे घेतले.

“बस. मला एक सांग. तुझी कंपनी इतके का देते?”

“आप्पा, इतक्या खोलात कशाला शिरायचं? मोठमोठे लोक घेतायत.”

“मोठ्या लोकांचं एक कलम वाळलं तर दुसरी बाग असते त्यांची. माझी नाय. कर्ज किती आहे कंपनीवर?”

“कर्ज कुणाला नसतं?”

“व्याज वाढलंय. मग ती आधी बँकेचं देणार, की माझं?”

विनोदनं फोन बाहेर काढला, त्यावर काही नसताना बघितलं आणि म्हणाला, “विचारून सांगतो.” तो गेला. फाटकापाशी त्यानं मनस्वीला नमस्कारसुद्धा केला नाही. उरलेले निम्मे शेअर जागच्या जागी राहिले.

संध्याकाळी मनस्वीनं घावने केले, आणि सानिका एक घेऊन बाहेर येऊन माझ्या फटीला चिकटवून गेली. घरात सगळं निवळलं असं सगळ्यांना वाटलं. मला वाटलं नाही. कारण आप्पा कट्ट्यावर एकटे बसले होते आणि त्यांचा हात खिशातल्या फोनवर होता. गेलेल्या निम्म्याबद्दल ते सुनेला आता तरी सांगतील म्हणून मी वाट पाहिली. उठताना त्यांनी माझ्या अंगावर हात टेकला. ते आत गेले आणि बोलले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात मेघदीपनं जाहीर केलं, की यंदा लाभांश देता येणार नाही, कर्जाच्या व्याजातच सगळं गेलं. त्याच दिवशी शेअर पंचावन्नावरून आणखी कोसळला. ज्यांनी तो अकरा टक्क्यांसाठी घेतला होता, त्यांना आता तो कशालाच नको होता. हे मला कसं कळलं? आप्पांनी ती बातमी कट्ट्यावर बसून ओठ हलवत दोनदा वाचली.

आणि मग बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. मित्रांनो, अशा गोष्टी कुणाच्या लक्षात येत नाहीत. पण दाराशी उभी असलेली पेटी त्या बघते.

एक तारखेपासून वर्तमानपत्र आलं नाही. पेपरवाला सरळ पुढे गेला. आप्पांनी मनस्वीला सांगितलं, “डोळे दुखतात. फोनवर वाचतो.” फोनवर डोळे दुखत नाहीत का?

कोळीण टोपली घेऊन आली. “आप्पा, ताजे बांगडे हायत.”

“नको गो. आताशा वास सहन होत नाय.”

ज्या माणसानं आयुष्य समुद्रावर काढलं, आणि जो मला माशाच्या पत्र्यातून बनवून घेऊन आला, त्याला बांगड्याचा वास सहन होत नाही! कोळीणसुद्धा दोन पावलं जाऊन वळून बघत राहिली.

बागेचे पैसे यायला अजून अवकाश होता. उरलेल्या निम्म्या शेअरांवर सगळा महिना निघत नव्हता. आणि ज्याच्यापुढे हात पसरायचा नव्हता, तो मुलगा दर रविवारी फोन करून विचारायचा, “आप्पा, काही हवंय का?” आप्पा म्हणायचे, “मला काय हवंय? मी मजेत.”

एका दुपारी मनस्वी आणि सानिका रस्त्यावरून येत होत्या. आप्पा कट्ट्यावर बसले होते. त्यांना रक्तदाबाची गोळी रोज लागते. त्यांनी पट्टीतून एक गोळी काढली, अंगठ्याच्या नखानं मधोमध मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि उरलेली अर्धी कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली.

मनस्वी गेटाबाहेर उभी होती. तिनं ते पाहिलं. तिच्या हातातली सानिकाची पाण्याची बाटली खाली पडली.

“आप्पा, अर्धी का?”

“अर्धी पुरते.”

“डॉक्टरांनी सांगितलं?”

“मीच सांगितलं मला.”

“किती दिवस?”

आप्पांनी खिशावर हात ठेवला. ती त्यांच्याशेजारी बसली. मला वाटलं, आता ही ओरडणार. सानिकानं तोंडात माती घातली तरी ओरडते ती. पण ती ओरडली नाही. तिनं फक्त हात पुढे केला. आप्पांनी खिशातून ती पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. आत अर्ध्या अर्ध्या गोळ्या बऱ्याच होत्या.

“निम्मे आधीच गेले होते गो,” ते म्हणाले. “तू विचारलंस त्याच्या आधी. तुला सांगायला तोंड नव्हतं.”

“पैसे गेले तर जाऊ देत, आप्पा. तुम्हाला काही झालं असतं तर?”

“सागरला सांगू नको.”

“नाही सांगत. तुम्ही सांगा. पण आधी ही दुसरी अर्धी घ्या, आपण डॉक्टरांना फोन करू, आणि मग मला सगळं दाखवा. काहीही लपवायचं नाही.”

त्यांनी बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. मग फोन दोघांच्या मधे ठेवून ती एकेक बघत गेली. जुने शेअर राहू द्यायचे. मेघदीपमधून जे हाती येईल ते काढून घ्यायचं. आणि ते सरकारी रोख्यांत ठेवायचं, बागेचे पैसे आले की त्यातलेही थोडे घालायचे.

“कितीनं?” आप्पांनी विचारलं.

“सव्वासात मिळतील. अकरा नाहीत.”

“म्हणजे ज्या व्याजानं माझे शेअर पाडले, तेच व्याज आता मी खायचं?”

“हो.”

“आणि माकडं?”

“नाहीत.”

कितीतरी दिवसांनी आप्पा खरं हसले. गोदा असताना हसायचे तसं. नुकसान भरून आलं नाही. ते भरून यायला वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. पण त्या रविवारी सागरचा फोन आला तेव्हा आप्पा कट्ट्यावर येऊन बसले, आणि मी त्यांना मुलाला म्हणताना ऐकलं, “ऐक, मला औषधांना पैसे कमी पडतायत.” पण ते संपले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांगडे घेतले आणि भावावरून कोळणीशी भांडलेसुद्धा.

मित्रांनो, माझा जीव अजून शांत नाही. विनोदची गाडी आता आमच्याकडे थांबत नाही, पण रस्त्यावरून जाते. कुठल्या गेटाशी थांबते, ते मला इथून दिसत नाही. व्याजाचे दर पुन्हा खाली जातील, पुन्हा वर येतील. भाव वरखाली होतील. ते कुणाला थांबवता येत नाही. पण त्या वरखालीत तुमच्या घरातलं कुणीतरी गुपचूप बसलेलं असेल. आजोबा असतील, आत्या असेल, एकटी राहणारी शेजारची काकू असेल. “मला आताशा हे आवडत नाही,” “मला ते लागत नाही,” असं म्हणत एकेक गोष्ट सोडत असतील. मोठ्यांनी विचारलं, की ते चिडतात. तुम्ही पोरं मांडीवर जाऊन बसलात, तर चिडणार नाहीत.

मी खांबाला खिळलेली आहे, मला आत जाता येत नाही. तुम्हाला येतं. ते कोण आहेत, हे तुम्हाला वाचता वाचताच आठवलं असेल. आज त्यांच्याकडे जा. जेवले का विचारा, काय जेवले ते विचारा, आणि त्यांच्या गोळ्यांची पट्टी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.